सिगारेटवरचा कर वाढला आणि मला वाईट वाटलं (तंबाखू, दारू, जुगाराच्या कंपन्यांचे शेअर ठेवावेत का?)

सायली_सिन्नर | ४ जानेवारी २०२६

नमस्कार. गुंतवणुकीच्या धाग्यांवर मी वाचनमात्रच असते. पण गुरुवारी जे झालं ते घरात कुणाशी नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

सिन्नरला माझा दातांचा दवाखाना आहे, चौदा वर्षं झाली. तोंड पूर्ण उघडत नाही म्हणून येणारी पोरं आठवड्याला दोन-तीन तरी असतात. मी त्यांना आधी स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगते. निरोगी माणसाची सहज जातात. गेल्या महिन्यात एमआयडीसीत कामाला असलेला बावीस वर्षांचा मुलगा आला होता, त्याचं एक बोट जेमतेम गेलं. दिवसाला आठ-दहा मावा (सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला) खातो. गालाच्या आतून हात फिरवला तर मऊ त्वचेच्या जागी ताठ दोऱ्या लागत होत्या. मिसळ खाणं बंद होऊन वर्ष झालं म्हणाला. भाकरी दुधात कुस्करून खातो.

आता घरातलं. बाबा बँकेत होते. १९९६ साली त्यांनी आयटीसीचे, म्हणजे सिगारेट बनवणाऱ्या कंपनीचे, १०० शेअर घेतले आणि कधी विकले नाहीत. २००५ मध्ये एकाचे दहा झाले, शिवाय दर दोन शेअरांमागे एक बोनस शेअर आला. २०१० मध्ये एकाला एक, २०१६ मध्ये पुन्हा दोनाला एक. आज ते ४,५०० आहेत. गेल्या वर्षी हॉटेलचा व्यवसाय वेगळा झाला तेव्हा त्या कंपनीचे ४५० आले ते वेगळेच. बाबा गेल्यावर सगळं आईच्या नावावर झालं, दुसरं नाव माझं. वर्षाला साठ हजारांच्या वर लाभांश येतो आणि आईची औषधं, तिचा तीर्थयात्रेचा खर्च त्यातून भागतो. बाबांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही.

३१ डिसेंबरला रात्री सरकारने सिगारेटवरच्या नव्या उत्पादन शुल्काची अधिसूचना काढली. लांबीप्रमाणे हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये, १ फेब्रुवारीपासून. १ तारखेला दुपारी दोन पेशंटच्या मधे मोबाईल पाहिला तर आयटीसी जवळपास १० टक्के खाली. आईचे दीड लाखाहून जास्त कागदावरून गेले होते. माझ्या मनात पहिला विचार आला, सरकारला आत्ताच हे सुचायचं होतं का?

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या डॉक्टरांनी तंबाखूवरचा कर वाढवा म्हणून निवेदन दिलं होतं. त्यावर माझी सही आहे.

मला दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत, पैशाच्याही. फक्त तुम्ही स्वतः काय केलंत तेही लिहा.

---

चक्रवाढ | ४ जानेवारी

डॉक्टर, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून तितकंच प्रामाणिक उत्तर देतो. माझ्याकडे आयटीसी आहे, दारूच्या दोन कंपन्या आहेत, आणि मी त्या विकणार नाही.

पहिली गोष्ट, शेअर बाजारात आपण शेअर घेतो तो दुसऱ्या एखाद्या गुंतवणूकदाराकडून. आपला रुपया कंपनीच्या गल्ल्यात जात नाही. तुम्ही विकलेत तर उद्या कुणीतरी घेईल आणि कारखान्यात एक सिगारेटही कमी वळली जाणार नाही.

दुसरी गोष्ट धंद्याची. या कंपन्या टिकतात कारण नवा माणूस या धंद्यात शिरूच शकत नाही. २००३ च्या कायद्याने जाहिरात बंद झाली, म्हणजे नव्या ब्रँडला ओळख करून देण्याची सोय राहिली नाही. २०१० पासून सिगारेट उत्पादनात थेट परकीय गुंतवणुकीला बंदी. जे आधी आत होते त्यांच्याभोवती सरकारनेच कोट बांधून दिला. गिऱ्हाईक भाव वाढला तरी सहजी सुटत नाही. कारखान्यात दरवर्षी मोठे पैसे ओतावे लागत नाहीत, त्यामुळे नफा लाभांश होऊन हातात पडतो.

अमेरिकेचा इतिहास पाहा. जेरेमी सीगेल या अर्थतज्ज्ञांनी १९५७ ते २००३ चा हिशेब मांडला, त्यात एस अँड पी ५०० या तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातल्या मूळ कंपन्यांत सगळ्यात जास्त परतावा सिगारेटवाल्या फिलिप मॉरिसचा निघाला, वर्षाला १९ टक्क्यांच्या वर. त्या काळात त्यांच्यावर खटले चालू होते, धूम्रपान कमी होत होतं, तरीही. हाँग आणि काक्परचिक या अभ्यासकांनी २००९ मध्ये याचं कारण असं दिलं की पेन्शन फंड, विद्यापीठं वगैरे लाजेखातर हे शेअर घेत नाहीत, म्हणून ते स्वस्त राहतात आणि जो घेतो त्याला जास्त मिळतं. म्हणजे लोकांच्या संकोचाचा मोबदला.

तिसरं, आणि हे तुमच्या पेशातलं आहे. तुमच्या त्या मुलाच्या तोंडाचं जे झालं ते मुख्यतः सुपारीने झालं. आयटीसी मावा बनवत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. आपल्या राज्यातला तंबाखूचा मोठा प्रश्न सिगारेटचा नाहीच.

---

सायली_सिन्नर | ४ जानेवारी

चक्रवाढ, सुपारीचं अगदी बरोबर आहे. त्या मुलाच्या आजाराचा दोष मी त्या कंपनीला देत नाहीये, तसं वाटलं असेल तर माझं लिहिणं चुकलं. मावा पानटपरीवर हाताने घोटतात, त्याची कंपनी शेअर बाजारात नाही.

माझा काटा वेगळा आहे. तो शेअर हातात असताना मला काय हवंसं वाटतं, ते बदललंय. पेशंटला मी तंबाखू सोड म्हणते तेव्हा ती ओढायची का चघळायची असं विचारत नाही. तंबाखू महाग झाली की कोवळी पोरं तिच्या नादी कमी लागतात, हे मीच शाळांमधल्या तपासणीत शिक्षकांना सांगते. आणि महाग झाली तेव्हा मी हळहळले.

---

निपाणीकर | ५ जानेवारी

या चर्चेत नेहमी कंपनी, ग्राहक आणि गुंतवणूकदार येतात. पिकवणारा कुणाला दिसत नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे निपाणीला विडीची तंबाखू. सिगारेटची वेगळी, ती व्हर्जिनिया, आंध्रात आणि म्हैसूरकडे होते आणि तंबाखू मंडळाच्या लिलावात विकली जाते. आमच्या तंबाखूला तसला आधार नव्हता. व्यापारी म्हणेल तो भाव. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींबरोबर आमचे लोक पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर बसले, गोळीबार झाला, शेतकरी मेले. माझे चुलते त्या रस्त्यावर होते. तंबाखूच्या दिवसांत अंगणात पाला पसरला की घरभर खकाणा असायचा, आई दोन वेळा पदर नाकाला लावून स्वयंपाक करायची. बाहेरून आलेला पाहुणा उंबऱ्यातच शिंकायला लागे.

त्या पैशावर माझं इंजिनिअरिंग झालं. आता वावरात ऊस आहे, थोडं सोयाबीन. मी तंबाखूचे शेअर घेत नाही, पण घेणाऱ्याला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. सायलीताई, तुमच्या सिन्नरात विड्या वळून पोरं शिकवणाऱ्या बायकांनाही विचारून बघा.

---

सायली_सिन्नर | ५ जानेवारी

दादा, माझ्या दवाखान्यातल्या मावशींची आई विड्याच वळायची. मांडीवर सूप, सुपात कात्रीने कापलेली पानं, आणि बोलताना हात थांबायचे नाहीत. तुमचा मुद्दा मनाला लागला.

---

मांडवीकाठ | ५ जानेवारी

पणजीहून. जुगाराच्या शेअरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

चक्रवाढ यांनी सरकारने बांधलेल्या कोटाचं लिहिलंय. तोच कोट सरकार एका सहीने पाडूही शकतं. डेल्टा कॉर्प या कंपनीच्या कॅसिनोच्या बोटी आमच्या नदीत उभ्या असतात, संध्याकाळी दिवे लागले की बेतीच्या बाजूने सगळं पाणी रंगीत दिसतं. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने जुगारात लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर ठरवला, दुसऱ्या दिवशी शेअर २० टक्क्यांहून जास्त पडला. सप्टेंबरात मागच्या वर्षांच्या कराची ११,१३९ कोटींची नोटीस आली. त्या वेळी बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत त्याच्या निम्मीही नव्हती. मग ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने दोन दिवसांत बंदीच आणली. कालपर्यंत ज्या धंद्याचे अहवाल छापून येत होते तो धंदा त्या आठवड्यात उरला नाही.

आम्हां गोंयकारांना २०२० पासून कॅसिनोत खेळायच्या जागी जायला बंदी आहे. सरकारला आपल्या लोकांनी खेळलेलं नको, महसूल मात्र हवा. असल्या धंद्यात सरकार हा मोठा भागीदार असतो आणि तो आपला वाटा कधीही वाढवून मागतो. माझ्या इमारतीतल्या रिसेप्शनवर बाहेरगावची पोरं रात्री दोन वाजता परतीच्या बसचे पैसे उसने मागायला येतात. मी या क्षेत्रातलं काही घेतलेलं नाही, घेणार नाही.

---

चक्रवाढ | ५ जानेवारी

कराचा धोका मान्य. १८ जुलै २०१७ लाही हेच झालं, आदल्या संध्याकाळी सिगारेटवरचा उपकर वाढला आणि आयटीसी एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त पडला, बाजारमूल्यातले सुमारे ५०,००० कोटी गेले. आणि पुढे हेही लिहायला हवं की २०१४ अखेर ते २०२१ अखेर निफ्टी हा बाजाराचा निर्देशांक दुपटीहून जास्त झाला तेव्हा आयटीसी होता तिथून थोडा खालीच होता. लाभांशावर दिवस काढले.

आणखी एक दुरुस्ती माझ्याच पोस्टला. २०१७ मध्ये ब्लिट्झ आणि फबोझी यांनी तपासलं तर निघालं की या शेअरांचा जास्तीचा परतावा भरपूर नफा आणि जपून केलेला भांडवली खर्च या दोन गुणांतूनच समजावता येतो. तेच गुण असलेली रंगाची किंवा बिस्किटाची कंपनी घेतली तरी चालावं. लाजेचा म्हणून वेगळा मोबदला उरत नाही. हे मी पहिल्या वेळी लिहायला हवं होतं.

---

आडवी_बाटली | ६ जानेवारी

नावावरून कळलंच असेल. मी सातारा जिल्ह्यातली, आता पुण्यात असते.

आमच्या गावात देशी दारूचं दुकान होतं, शाळेच्या वाटेवर. बायकांनी सह्या गोळा केल्या, मतदान लागलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी बाई घरीच बसली तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. म्हणून आदल्या रात्री माझी आत्या घरोघर फिरली. तिच्या डाव्या हाताचं मनगट कायमचं वाकडं आहे, का ते गावाला माहीत होतं. तिने कुणाकडे भाषण केलं नाही. दारात उभी राहायची आणि म्हणायची, सकाळी आठला मी बोलवायला येते, तयार राहा. बाळंतिणीला रिक्षातून आणलं. दुकान बंद झालं.

त्याच वर्षी माझ्या नवऱ्याने दारूच्या कंपनीचे शेअर घेतले होते. इंग्रजी दारू, मोठी कंपनी, आमच्या गावच्या दुकानाशी तिचा संबंध नाही. आम्हांला चांगला फायदा झाला, पुढे घराच्या पहिल्या हप्त्यात तो गेला. मी त्याला विकायला लावलं नाही. पण जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, तेव्हा सायलीताई, तुमच्यासारखंच माझं झालं. सकाळी चहा घेताना नवरा म्हणाला, अगं वाईट बातमी आहे. आणि मी सुद्धा अरे देवा म्हटलं. नंतर आत्याचा फोन आला तर तो लगेच उचलवला नाही.

---

ठाणे_लोकल | ६ जानेवारी

मला कुणालाच दुखवायचं नाही, पण आपल्यातलं कोण यातून बाहेर आहे?

एलआयसीकडे आयटीसीचा साधारण १५ टक्के वाटा आहे. ज्याची पॉलिसी आहे तो त्यात आला. भविष्य निर्वाह निधी ऑगस्ट २०१५ पासून निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या घेणाऱ्या फंडांत) पैसे घालतो, त्या दोन्हींत आयटीसी. दर महिन्याला ज्याच्या पगारातून पीएफ कापला जातो तो आला. इंडेक्स फंडाची एसआयपी असेल तर तो आला. २०१७ मध्ये याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती, माजी मंत्री सतीश पेडणेकर कर्करोगाने गेले, त्यांच्या पत्नी सुमित्रा पेडणेकर याचिकाकर्त्यांपैकी एक. एकीकडे सरकार तंबाखू सोडा म्हणतं आणि दुसरीकडे सरकारी विमा कंपन्या तंबाखूत पैसे ठेवतात, हा त्यांचा आक्षेप.

ज्यांना टाळायचंच आहे त्यांच्यासाठी निफ्टी १०० ईएसजी निर्देशांक (पर्यावरण, समाज आणि कारभार पाहून केलेला) तंबाखू, दारू, जुगार वगळतो. इस्लामी नियमांप्रमाणे केलेले शरिया निर्देशांकही वगळतात, मात्र त्यांत बँकाही नसतात हे लक्षात ठेवा.

---

फ्योर्डकाठी | ६ जानेवारी

ठाणे_लोकल, तुमच्या प्रश्नाला एक देश म्हणून उत्तर दिलेलं उदाहरण इथे आहे. नोकरीनिमित्त ओस्लोत असते. नॉर्वेच्या तेलाच्या पैशाच्या फंडाने जानेवारी २०१० मध्ये १७ तंबाखू कंपन्या काढून टाकल्या आणि नावं जाहीर केली. दारू मात्र वगळलेली नाही. इथे वाइन आणि कडक दारूची किरकोळ विक्री सरकारी दुकानातूनच होते, कदाचित म्हणून त्यांना ती वेगळी वाटत असेल, हे माझं मत.

कॅलिफोर्नियातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडानेही २००० साली तंबाखू सोडली. २०१६ मध्ये हिशेब काढला तेव्हा सुमारे ३ अब्ज डॉलरची कमाई हुकली असं दिसलं. पुन्हा मत घेतलं आणि बंदी कायम ठेवली, उलट वाढवली. किंमत किती हे कळल्यावर पुन्हा तोच निर्णय घेतला, हे मला फार आवडलं.

---

द्राक्षबाग | ६ जानेवारी

नाशिकच्या वाइनचं काय? सुला डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात आली. आमच्याकडचे शेतकरी वाइनरीला करारावर द्राक्षं देतात. ही पण त्याच यादीत धरायची का?

---

आडवी_बाटली | ६ जानेवारी

माझ्या यादीत धरते. दुसऱ्याच्या यादीबद्दल मी बोलणार नाही.

---

चक्रवाढ | ७ जानेवारी

सायलीताई, तुम्ही आणि आडवी_बाटली यांनी जे लिहिलंत ते दोन दिवस डोक्यात आहे. विकून कंपनीला काही फरक पडत नाही, हे माझं म्हणणं अजून तेच आहे. पण तुम्ही कंपनीबद्दल बोलतच नव्हतात, ते मला उशिरा कळलं. मी स्वतःला विचारून पाहिलं, उद्या सिगारेटवरचा कर कमी झाला तर मला आनंद होईल का? होईल. माझा मुलगा अकरावीत आहे. मी अजून विकलेलं नाही. जे आहे ते सांगितलं.

पैशाच्या बाजूने एक सांगतो, कारण आईंच्या औषधांचा प्रश्न आहे. ४,५०० शेअरांची आजची किंमत साधारण १६ लाख, त्यावर साठ-पासष्ट हजार लाभांश म्हणजे ४ टक्के. आईंचं वय साठच्या वर असणारच. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्या ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी. १६ लाखांवर वर्षाला १ लाख ३० हजारांच्या आसपास. नियमित रक्कम दुप्पट होईल. त्या बदल्यात शेअरची वाढ सोडावी लागेल आणि पाच वर्षांनी व्याजदर काय असेल ते तेव्हाचं तेव्हा. औषधांसाठी पैसे हवेत म्हणून शेअर धरून बसावं लागतंय असं मात्र नाही.

---

ठाणे_लोकल | ७ जानेवारी

कराचं पण बघा. वारशाने आलेत म्हणून खरेदी बाबांची आणि मुदतही बाबांपासूनची. ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची वाढ करमुक्त, त्या दिवसाचा भाव धरायचा. पुढच्या नफ्यातले वर्षाला सव्वा लाख सुटतात, त्यावरच्या रकमेवर साडेबारा टक्के कर. म्हणून थोडे मार्चअखेर आणि थोडे एप्रिलात विकले तर सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते. हॉटेलची कंपनी वेगळी झाली तेव्हा मूळ किंमत दोन्ही कंपन्यांत विभागली गेलीय, सीएला ते दाखवा.

---

सायली_सिन्नर | १९ एप्रिल

उशीर झाला, माफ करा. या धाग्याने मला फार मदत केली म्हणून पुढचं कळवते.

आईशी बोलायला मला तीन आठवडे लागले. तिला वाटेल बाबांचं काही मोडतेय, ही भीती होती. मी तिला १ तारखेचं सांगितलं, सहीचं सांगितलं, तीन बोटांचं सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला पोस्टाचे काय नि यांचे काय, पैसे ते पैसे. पण तुला पेशंटसमोर बसायचंय. वीक." मग थोड्या वेळाने म्हणाली, "शंभर ठेव. त्यांनी घेतलेले तेवढे ठेव."

ठाणे_लोकल यांनी सांगितल्याप्रमाणे निम्मे मार्चमध्ये आणि बाकीचे गेल्या आठवड्यात विकले. एकूण ४,४००. पोस्टात खातं उघडलं. पासबुक आईने बाबांच्या कपाटात ठेवलंय. पीएफमधलं आणि पॉलिसीतलं मला काढता येत नाही, ते राहिलं आहे.

तो मुलगा फेब्रुवारीपासून दर पंधरा दिवसांनी येतोय. मावा सोडलाय असं म्हणतो, आणि तोंडाला वास नसतो. लाकडी चमचे एकावर एक ठेवून रोज तोंड ताणायचा व्यायाम दिलाय. सुरुवातीला सात मावायचे, काल अकरा मावले.

---

निपाणीकर | १९ एप्रिल

हॉटेलच्या ४५० चं काय केलंत ताई?

---

सायली_सिन्नर | १९ एप्रिल

ते आहेत दादा. आईला विचारलं तर म्हणाली, हॉटेल काय वाईट आहे.